पासबुकात जमा, वहीत नावे : प्राचार्यांस एक खुले पत्र

महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या सन्माननीय प्राचार्यांस,



वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी खालच्या वर्गातील विद्यार्थ्यांना शिकवावे अशी काही ना काही तजवीज आपल्यापैकी अनेकांच्या महाविद्यालयांत अलीकडे झालेली आहे. कोठे तिला सहाध्यायी मार्गदर्शन म्हणतात, कोठे आणखी काही, आणि कोठे तर नाव न देताच वसतिगृहाच्या अधीक्षकांनी रात्रीच्या जेवणानंतरचा एक तास त्यासाठी मुक्रर केलेला असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने, पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान यांच्या प्रकरणात का होईना, प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना स्वेच्छेने शिकवावे असे सुचविल्यापासून या उपक्रमाला सरकारी प्रतिष्ठाही लाभली आहे, आणि मूल्यांकन समितीपुढे ठेवावयाच्या दप्तरात ‘मंदगती’ व ‘प्रगत’ अशा दोन याद्या लावून दुसऱ्या यादीतील विद्यार्थ्यांकडून पहिल्या यादीतील विद्यार्थ्यांना शिकविल्याची छायाचित्रे जोडण्याची वहिवाटही पडून गेली आहे. उपक्रमाविषयी माझी तक्रार नाही, तक्रार आहे ती नेमणुकीच्या शिरस्त्याविषयी. आपण गुणपत्रिका पाहता, पहिल्या पाचांतील नावे निवडता, त्यांना वेळापत्रक देता आणि सत्राच्या अखेरीस हजेरीपट मागता; परंतु ज्या कामाचा निम्म्याहून अधिक भाग दुसऱ्याचे बोलणे ऐकून घेण्याचा आहे, त्या कामाच्या अर्जात, मुलाखतीत, हजेरीपटात किंवा अहवालात ऐकण्यासाठी एकही रकाना आपण ठेवलेला नाही.

हे बोलणे हवेत राहू नये म्हणून माझ्या विषयातले, म्हणजे पुस्तपालनातले, एक उदाहरण तपशिलाने मांडतो. ‘व्यापाऱ्याने रोख ५,००० रुपये बँकेत भरले’ हा व्यवहार अगदी आरंभीच्या पाठांतला. त्याची नोंद बँक खाते नावे आणि रोख खाते जमा अशी होते, आणि ती नेमकी उलटी, म्हणजे रोख नावे व बँक जमा अशी, लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी प्रत्येक वर्गात निघतात. मार्गदर्शक हुशार असला म्हणजे अशी नोंद दृष्टीस पडताच त्याचा हात धाकट्याच्या पेन्सिलीकडे जातो; तो दोन्ही ओळी खोडतो, बरोबर नोंद स्वच्छ अक्षरात लिहितो, जे येते ते नावे आणि जे जाते ते जमा हा नियम एकवार म्हणून दाखवतो आणि ‘कळलं का?’ असे विचारून पुढच्या उदाहरणाकडे वळतो. या साऱ्याला दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि बाहेरून पाहणाऱ्याला शिकवणे उत्तम चालले आहे असेच वाटते.

आता असे समजा, की त्याने पेन्सिलीला हात न लावता ‘तू हे कसं लिहिलंस ते मला सांग’ एवढेच म्हटले आणि तो गप्प बसला. एक मुलगी सांगेल, की आमच्या घरी पासबुक आहे, आईने बँकेत पैसे भरले की ते त्यात जमेच्या रकान्यात येतात, मग वहीत बँक जमा का लिहू नये? तिचे निरीक्षण खरे आहे. फक्त पासबुक हा बँकेच्या खतावणीतील आपल्या खात्याचा उतारा आहे, बँकेच्या लेखी आपण तिचे धनको म्हणून तेथे रक्कम जमा, आणि आपल्या लेखी बँक आपली ऋणको म्हणून तीच रक्कम येथे नावे, हे तिला कोणी सांगितलेले नाही. दुसरा मुलगा किराणा दुकानदाराचा. तो म्हणेल, की आमच्या रोजकीर्दीत पैसे आले की डावीकडे जमेला आणि गेले की उजवीकडे नावे लिहितात, येथे रोकड दुकानातून गेली म्हणून रोख नावे. त्याची देशी पद्धतही खरी आहे, आणि गंमत अशी की त्याच्या वडिलांच्या कीर्दीतील त्याच उजव्या बाजूला ‘बँक खाते’ असे शब्द लिहिलेले असतात, म्हणजे नावे पडते ती बँकच. बरोबर उत्तराचा पुरावा त्याच्या घरातच आहे, तो फक्त बाजू वाचतो आणि तिच्यावरचे खात्याचे नाव वाचत नाही. तिसरा सांगेल, की देणाऱ्याचे जमा असा नियम आहे आणि बँक तर पैसे देते, एटीएमवर गेले की निघतातच. त्याला बँक ही स्वभावतःच देणारी वाटते, या विशिष्ट व्यवहारात ती घेणारी आहे हे त्याच्या ध्यानी आलेले नाही. (चौथ्याने शेजाऱ्याच्या वहीतून उतरवलेले असते, हेही ऐकूनच कळते.)

चूक एक, आणि तिच्यापर्यंत येण्याच्या वाटा तीन. पहिलीला वही कोणाची हे दाखवावे लागते, दुसऱ्याला त्याच्या दुकानाची कीर्द उघडून वाचायला लावावे लागते, तिसऱ्याला नियमातील देणारा प्रत्येक व्यवहारात नव्याने शोधावा लागतो हे पटवावे लागते. आणि खोडून बरोबर लिहून दिलेली नोंद या तिघांपैकी एकाच्याही शंकेपर्यंत पोहोचत नाही, कारण ती शंका उच्चारली गेलेलीच नसते. पुढे हीच मुले बँक जुळवणी पत्रकाला येऊन ठेचकाळतात, आणि आपण म्हणतो की त्यांचा पाया कच्चा आहे. पाया कच्चा नव्हता. पासबुक बारकाईने वाचणारी मुलगी आणि घरची कीर्द पाहत वाढलेला मुलगा यांच्यापाशी विषयाचे जे भांडवल होते ते हिशेबात धरायला कोणी तयार नव्हते.

विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला शिकवणे ही कल्पना नवी नाही, आणि तिच्या इतिहासात आपल्या प्रस्तुत शिरस्त्याचा पूर्वजही सापडतो. १७८९ पासून मद्रासच्या एग्मोर भागात लष्करी गोऱ्या शिपायांच्या अनाथ मुलांसाठी चाललेल्या आश्रमाची व्यवस्था अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्याकडे होती. तेथील देशी शाळेत मुले वाळूवर अक्षरे गिरवताना त्याने पाहिली, आपल्या शाळेतील शिक्षक ती रीत उचलीनात तेव्हा एका लहान मुलाकडून इतरांना शिकवून घेतले, आणि १७९७ साली लंडनमध्ये त्या प्रयोगाचा वृत्तांत छापला. धूळपाटी आणि मोठ्या मुलाने सांगावयाची उजळणी या आपल्याकडील पंतोजींच्या शाळेतील गोष्टी ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील त्यांना यात नवल वाटणार नाही. जोसेफ लँकेस्टर याने लंडनच्या बरो रोडवरील आपल्या शाळेत याच कल्पनेची यंत्रणा बनविली: शेकडो मुले, एक शिक्षक, आणि मध्ये मॉनिटरांची फौज, कोणी वाचन घेणारा, कोणी कागद आखणारा, कोणी गैरहजेरीची चौकशी करणारा. भिंतीवर टांगलेल्या छापील तक्त्याभोवती मुले अर्धवर्तुळात उभी राहत. एकाचे उत्तर चुकले की पुढच्याने ते सुधारावे आणि त्याची जागा घ्यावी असा नियम असे. मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ज्या नव्या शाळा निघाल्या त्यांच्या चालकांवरही या पद्धतीची छाप होती. स्वस्तात अक्षरओळख पसरविण्याच्या दृष्टीने तिने पुष्कळ काम केले हे मान्य करूनही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही: चुकलेल्या मुलाला तू असे का म्हणालास हे विचारण्याची त्या यंत्रात जागाच नव्हती, कारण मॉनिटरजवळ बरोबर उत्तर असणे आणि त्याचा आवाज मोठा असणे एवढेच पुरेसे होते. आपल्या नेमणूकपत्रांत आज याहून निराळी कोणती पात्रता लिहिलेली असते?

‘कळलं का?’ या प्रश्नाविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण मार्गदर्शकाच्या तोंडी तो वारंवार येतो आणि त्याच्याइतका निरुपयोगी प्रश्न दुसरा नाही. वसतिगृहात धाकटी मुले मार्गदर्शकाला दादा म्हणतात, मार्गदर्शिकेला ताई म्हणतात. आणि ज्या दादाने आपला अभ्यास बाजूला ठेवून आपल्यासाठी तास दिला त्याच्या तोंडावर ‘नाही कळलं’ असे म्हणणे आपल्या रीतीरिवाजांत वाढलेल्या मुलाला कृतघ्नपणाचे वाटते. म्हणून ‘हो दादा’ असे उत्तर येते, आणि त्या उत्तराचा समजण्याशी कसलाही संबंध नसतो. तो केवळ शिष्टाचार असतो. हा आदर घालवून टाकावा असे मी म्हणणार नाही. दादा आणि ताई या नात्यांतच या पद्धतीचा मोठा लाभ आहे. प्राध्यापकांच्या खोलीचे दार ढकलायला जो मुलगा धजत नाही तो दादाच्या खाटेवर येऊन बसतो. पण आदर आणि प्रामाणिकपणा एकत्र नांदावेत यासाठी प्रश्नच असा विचारावा लागतो की ज्याला ‘हो’ हे उत्तर देता येणार नाही: ‘हे आता तू मला सांग’, ‘रक्कम उलटी फिरवली तर काय होईल?’, ‘तुमच्या दुकानात हे कसं लिहितात?’

आणि प्रश्न विचारल्यावर थांबावे लागते. अमेरिकेतील मेरी बड रो या विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासिकेने १९७० च्या सुमारास वर्गांतील संभाषणांच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यानंतर सरासरीने सुमारे एकच सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात असे तिला आढळले. ते थांबणे तीन सेकंदांपर्यंत वाढविले तर उत्तरे लांबतात, एरवी गप्प राहणारी मुले बोलू लागतात आणि ‘माहीत नाही’ हे उत्तर कमी होते, असेही दिसून आले. तीन सेकंद म्हणजे काही तपश्चर्या नव्हे. पण ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याच्या जिभेला ते तीन सेकंद किती जड जातात याचा अनुभव आपण कोणत्याही सभेत अध्यक्षस्थानी बसून घेतलेला असेलच.

याहून एक पाऊल पुढचा पुरावा मिशेलिन ची या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केला. आठवीच्या मुलांना रक्ताभिसरण शिकविणाऱ्या मार्गदर्शकांचे संभाषण त्यांनी बारकाईने पाहिले. नंतर मार्गदर्शकांना स्पष्टीकरण देण्याची मनाई करून केवळ मुलाला बोलते करण्याची मुभा ठेवली, तरीही मुलांचे शिकणे पूर्वीइतकेच झाले. स्पष्टीकरणे अजिबात देऊ नयेत असा याचा अर्थ मी काढत नाही. नावे-जमेचा संकेत कोणी सांगितल्याशिवाय कोणाला स्फुरत नसतो. मात्र ज्या वाक्पटुतेवर भुलून आपण मार्गदर्शक निवडतो तिच्यावाचून फारसे अडत नाही, एवढे त्यावरून म्हणावयास हरकत नाही. कॅन्सस सिटी येथील मिसूरी विद्यापीठात १९७३ पासून चाललेल्या पूरक अध्यापनाच्या योजनेत तर मार्गदर्शक विद्यार्थ्याने तोच विषय उत्तीर्ण झाल्यावरही पुन्हा त्या वर्गात जाऊन बसावे, आणि आपल्या सत्रात व्याख्यान न देता आलेला प्रश्न गटाकडेच परतवावा, असा दंडक आहे. आपल्याकडे वर्गात पुन्हा बसण्याची कल्पना मार्गदर्शकाला कमीपणाची वाटेल. पण वर्गात आज काय बोलले गेले हे ज्याने ऐकले नाही, त्याला त्यातून काय निसटले हे कसे कळावे?

आता एक नाजूक गोष्ट. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यासमोर महाविद्यालयात जे इंग्रजी पुस्तक येते त्यात तेरीज पत्रकाचे ट्रायल बॅलन्स झालेले असते, घसाऱ्याचे डेप्रिसिएशन झालेले असते, आणि मूळ कल्पना पक्की असलेला मुलगाही पहिले काही महिने मुक्याने काढतो. त्याला त्याच्या भाषेत बोलू द्यावे हे आपण तत्त्वतः मान्य करतो. परंतु ‘त्याची भाषा’ म्हणजे पुण्यातील क्रमिक पुस्तकाची मराठी असे आपण गृहीत धरतो. ती अहिराणी असेल, वऱ्हाडी असेल, मालवणी असेल. तो ‘पानी’ म्हणेल, ‘लई’ म्हणेल, आणि मार्गदर्शकाच्या ओठांच्या कोपऱ्यात क्षणभर हसू उमटेल. ते हसू दुष्टपणाचे नसते, पुष्कळदा मार्गदर्शकाला त्याची जाणीवही नसते. पण समोरच्याला ते स्वच्छ दिसते, आणि त्यानंतर त्या सत्रात तो मुलगा सर्व नोंदी निमूटपणे उतरवून घेतो. आपल्या समाजात कोणाचे बोलणे ऐकण्यायोग्य आणि कोणाचे सुधारण्यायोग्य हे पिढ्यान्‌पिढ्या आधीच ठरलेले आहे, आणि गुणानुक्रमाने नेमलेला मार्गदर्शक ते सारे आपल्याबरोबर नकळत खोलीत घेऊन येतो. म्हणून ऐकण्याचे शिक्षण हा निव्वळ तंत्राचा विषय आहे असे जे समजतात त्यांच्याशी माझा मतभेद आहे.

ऐकणे म्हणजे आज्ञा पाळणे मात्र नव्हे, हेही मार्गदर्शकाला कोणीतरी सांगितले पाहिजे. परीक्षा जवळ आली की धाकट्यांची एकच मागणी असते, ‘दादा, आयएमपी सांगा’. त्यापुढे नमते घेणारा दादा लोकप्रिय होतो आणि निरुपयोगी ठरतो. ज्याचे उत्तर आपल्याला येत नाही तेथे ‘मला ठाऊक नाही, उद्या सरांना विचारू’ असे म्हणण्याची त्याला सवय हवी, आणि तसे म्हटल्याने त्याच्या हुद्द्याला बाध येत नाही अशी हमी आपण द्यावयास हवी. शिवाय जो ऐकतो त्याच्या कानावर विषयाबाहेरचेही पुष्कळ पडते: शिष्यवृत्ती जमा झालेली नाही, खानावळीचे पैसे थकले आहेत, घरी बहिणीच्या लग्नाचे चालले आहे आणि तिला शिकायचे आहे. या गोष्टी एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने एकट्याने पेलाव्यात अशी अपेक्षा अन्यायाची आहे. काय आपल्यापाशी ठेवायचे, काय कोणाकडे न्यायचे आणि त्या कोणाचे नाव काय, हे त्याला नेमणुकीच्या दिवशीच लेखी मिळाले पाहिजे.

आपल्याकडे माझे मागणे खर्चाचे नाही. निवडीच्या वेळी गुणपत्रिकेबरोबर अर्जदारापुढे एक चुकीचे सोडविलेले उदाहरण ठेवावे, आणि ते सुधारून दाखव असे न म्हणता हे लिहिणाऱ्याच्या मनात काय असेल ते सांग असे म्हणावे; पहिल्या क्रमांकाचे काही विद्यार्थी येथे अडखळतील आणि साठ टक्क्यांची एखादी मुलगी, जिने ती चूक स्वतः करून निस्तरलेली आहे, भराभरा तीन कारणे सांगेल. तिला नेमावे. सत्राच्या आरंभी काही दुपारी काढून मार्गदर्शकांनी एकमेकांना शिकवावे, तिसऱ्याने नुसते पाहावे, आणि पेन्सिल कोणाच्या हातात होती एवढेच टिपावे. हजेरीपटात सह्यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा, आणि त्यात विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न त्याच्याच शब्दांत, व्याकरण न सुधारता, पण त्याचे नाव न घालता लिहावा. महिन्याअखेरीस ती वही विषयाच्या प्राध्यापकांकडे जावी, म्हणजे ‘पासबुकात जमा आहे मग वहीत नावे कसे’ हा प्रश्न पुढच्या वर्षी व्याख्यानातच उपस्थित होईल. कमवा व शिका योजनेत तासांवर मेहनताना मिळतो, तसा या कामालाही द्यावा. स्वेच्छेच्या नावाखाली गरीब विद्यार्थ्याची संध्याकाळ फुकट घेणे शोभत नाही, कारण तीच संध्याकाळ त्याची कमाईची असते. आणि ‘मंदगती’ हा शब्द दप्तरात ठेवणे नियमाने भाग असेल तर दप्तरातच ठेवावा, सूचनाफलकावर लावू नये. त्या यादीत आपले नाव वाचून आलेला मुलगा तोंड उघडण्यापूर्वीच अर्धा गप्प झालेला असतो.

एवढे करण्यापूर्वी, माझे म्हणणे खरे की खोटे याची शहानिशा करण्याचा सोपा मार्ग आपल्या हाती आहे. एखाद्या संध्याकाळी, छायाचित्रकार बरोबर न घेता, अशा एका सत्रात अर्धा तास मागे जाऊन बसावे आणि कोण किती मिनिटे बोलतो ते घड्याळावर पाहावे. आपल्या उपस्थितीने मुले बिचकतील हे खरे. म्हणून एक वेळ सोडून दुसऱ्यांदाही जावे. अर्ध्या तासातील पंचवीस मिनिटे मार्गदर्शकाच्याच बोलण्याची भरली, तर त्याला बोल लावू नये. परत जाऊन त्याचे नेमणूकपत्र कार्यालयातून मागवावे, आणि त्याच्याकडून कोणत्या कामाची अपेक्षा आपण आपल्या सहीनिशी केली होती ते वाचून पाहावे.



आपला नम्र,
एक निवृत्त वाणिज्य-शिक्षक